खुर्च्या मांडताना

आमच्या मंडळाच्या सभेत खुर्च्या मांडायचं काम नेहमी माझ्याकडे. आजवर मी ते फारसा विचार न करता करत आले. समोर टेबल, त्यामागे पदाधिकारी आणि पुढे पाच रांगा. शाळेत बसायचो तसंच.

मागच्या सभेत विषय होता वाचनालयाचा. संध्याकाळी बसायला माणूस मिळेना, म्हणून ते बंद करायचं. पहिल्या रांगेतले तिघे बोलले, बाकीचे त्यांच्या पाठीकडे बघत बसले. ठराव सर्वानुमते मंजूर! नंतर चपला घालताना शेवटच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, रविवारी सकाळी उघडणार असाल तर मी बसेन की."

"मग काकू, सभेत का नाही बोललात?"

"इतक्या मागून ओरडून काय सांगायचं?"

ते मनाला लागलं. रांगा तर मीच लावल्या होत्या.

बसण्याच्या रचनेवर मोठमोठ्यांनीही वाद घातलेत. १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सचं सभागृह उद्ध्वस्त झालं. ते पूर्वीसारखंच, समोरासमोरच्या बाकांचं बांधावं, असा चर्चिल यांचा आग्रह होता. अर्धवर्तुळ त्यांना नको होतं. आपल्या लोकसभेत मात्र सदस्य अर्धवर्तुळातच बसतात.

पुढच्या सभेला मी पंचवीस खुर्च्या घोड्याच्या नालेसारख्या मांडल्या.

"अध्यक्षांनी बसायचं कुठं?" काकांनी विचारलं.

"इथंच काका, आमच्यात."

जरा नाराजीनंच बसले. मी वाचनालयाचा विषय पुन्हा काढला. या वेळी काकू बोलल्या. ते ऐकून समोरच्या दोन मुलींनी आळीपाळीनं मदतीला यायचं कबूल केलं. आता दर रविवारी दहा ते बारा वाचनालय उघडं असतं.

रांगा वाईट नाहीत. व्याख्यान असेल, माणसं पन्नासच्या वर असतील, तर रांगाच बऱ्या. पंचवीस-तीस जणांनी मिळून काही ठरवायचं असेल, तर नाल. कामं वाटून घ्यायची असतील, तर चार-पाच जणांचे गट. कमी ऐकू येणाऱ्यांना बोलणाऱ्याजवळ बसवा, गुडघे दुखणाऱ्यांना दाराजवळ.

पुढच्या सभेला दहा मिनिटं आधी या. सगळ्यात मागच्या खुर्चीवर एकदा बसून बघा आणि मग खुर्च्या मांडा.