दोष विस्ताराचा नव्हे, कर्जाच्या रीतीचा

मराठी सत्तेच्या ऱ्हासाची चर्चा निघाली की शाहू महाराजांच्या दरबारातला वाद पुढे येतोच. पहिल्या बाजीरावाला उत्तरेत धडक मारायची होती. श्रीपतराव प्रतिनिधींचे म्हणणे असे की आधी कोकण आणि कर्नाटक सावरा, खजिना भरा, मग पुढचे पाहू. पेशव्यांनी ऐकले नाही, कर्ज वाढत गेले आणि राज्य बुडाले, असा निष्कर्ष आपल्याकडे सर्रास काढला जातो. मला तो मुळीच मान्य नाही. कर्ज काढल्याने राज्य बुडत नाही. ते कोणाच्या नावावर काढले आणि कशातून फेडायचे ठरले, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

बाजीरावाने धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींकडून आणि अनेक सावकारांकडून पैसा उचलला आणि त्यांच्या तगाद्याने तो हैराण झाला. पण ते ऋण दौलतीचे नव्हते, पेशव्याच्या डोक्यावरचे होते. म्हणूनच 1772 मध्ये मरणशय्येवरच्या माधवराव पेशव्याला कर्जफेडीची चिंता करावी लागली. सरदारांचीही हीच गत होती. स्वतःच्या नावावर कर्ज काढून फौज उभारायची आणि जिंकलेल्या मुलखाच्या वसुलातून ते फेडायचे. या रीतीचा शेवट कुठे होतो, ते छत्तीसगडात दिसते. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांनी रतनपूरच्या हैहय राजांना नमवले. पुढे त्याच घराण्यातले बिंबाजी भोसले रतनपुरातच राहिले, तोवर मुलखाला धनी होता. 1787 मध्ये ते वारले आणि सुभेदारी आली. नागपूरला जास्त रक्कम देऊ करील त्याला सुभा, असा ठेकाच झाला, आणि त्याचा भार अखेर रयतेवर पडला.

आधी विस्तार की आधी खजिना, हा वाद अमेरिकेतही झाला. अर्थमंत्री हॅमिल्टनने राष्ट्राचे कर्ज एकत्र करून 1791 मध्ये राष्ट्रीय बँक उभी केली. जेफर्सनने बँकेला कडाडून विरोध केला. त्याच्या स्वप्नात पश्चिमेकडे पसरत जाणारे शेतकऱ्यांचे प्रजासत्ताक होते. पण 1803 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून फ्रान्सकडून लुइझियानाचा मुलूख दीड कोटी डॉलरना घेताना त्याला आधार मिळाला तो हॅमिल्टनने कमावलेल्या पतीचा. बहुतेक किंमत सहा टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत दिली गेली आणि ते लंडनच्या बेअरिंग व ॲम्स्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी घेतले. देणेकरी जेफर्सन नव्हता, प्रजासत्ताक होते. कोणा सेनापतीला प्रांत तोडून द्यावा लागला नाही.

यावर कोणी म्हणेल, अठराव्या शतकातल्या पुण्याकडून बँकेची अपेक्षा करणे हा कालविपर्यास आहे. पण बँक ऑफ इंग्लंड 1694 चीच, आणि पुण्याच्या सावकारांच्या हुंड्या काशीपर्यंत वटत होत्या. पैसा होता, हिशेबाची शिस्त होती. दौलतीच्या नावाने चालणारी संस्था तेवढी नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकेच्या दुसऱ्या राष्ट्रीय बँकेने 1819 च्या मंदीत कर्ज आवळून शेतकऱ्यांना रडवले. तिच्या सनदेच्या नूतनीकरणाविरुद्ध राष्ट्राध्यक्ष जॅक्सनने 1832 मध्ये वापरलेला नकाराधिकार त्या रागावरही उभा होता. बँक पवित्र नव्हती, हे मान्य. पण 1836 मध्ये तिची सनद संपली आणि पुढच्याच वर्षी मोठे आर्थिक संकट आले, हेही विसरता येत नाही. तिसरा आक्षेप नीतीचा, आणि तो मी पूर्ण स्वीकारतो. अमेरिकेतल्या मूळनिवासींची हकालपट्टी किंवा बंगालवरच्या आपल्या स्वाऱ्यांतली लूट चांगल्या पतीने न्याय्य ठरत नाही. तो न्याय स्वतंत्रपणेच करायला हवा.

भिलाईतल्या वैशाली नगरच्या मराठी वाचकाला कर्जाच्या योग्य रीतीचा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत कर्जावर उभा राहिला. फेब्रुवारी 1955 मध्ये करार झाला. व्याज अडीच टक्के, फेड बारा वार्षिक हप्त्यांत. देणेकरी भारत सरकार होते. त्यासाठी दुर्ग जिल्ह्यातल्या एकाही गावाचा वसूल कोणाकडे गहाण पडला नाही, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. श्रीपतरावांची खजिन्याबद्दलची काळजी खरी होती, पण त्यावर मोहीम थांबवणे हा इलाज नव्हता. सावकाराचे देणे दौलतीच्या नावावर घेणे, हा होता. आणि तो पुण्याने केला नाही, नागपूरनेही नाही.