मांडवात आडनाव आलं

'मुंबई-पुणे-मुंबई २' हा पिच्चर फसला. पांढरपेशे समीक्षक पटकथेत खोट शोधत बसतील. मी सांगतो खोट कुठाय. आडनावात.

२०१० साली सतीश राजवाडेनं पहिला भाग काढला. मुंबईची पोरगी पुण्याला मुलगा बघायला येते नि अख्खा दिवस एका अनोळखी पोराबरोबर भटकते. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी. नुसती बडबड, भांडणं, पुण्याचे रस्ते. दोघांना नाव नाही. या मुलखात पोरगा-पोरगी दिवसभर हिंडतात आणि कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही! कोनमधल्या आमच्या पोरांनी त्या पिच्चरवर जीव टाकला तो यासाठी. आम्ही दुर्गाडीचा पूल ओलांडून कल्याणात गेलो की पहिला प्रश्न, आडनाव काय? त्यानं भागलं नाही तर, मूळ गाव कुठलं? तरी कळलं नाही तर, घरात फोटो कुणाचा?

शेवटी तो अनोळखी पोरगाच 'बघायचा मुलगा' निघतो. म्हणजे आईबापांनी आधीच चाळून ठेवलेला. मेख तिथंच होती. पण एक दिवस तरी मोकळा मिळाला होता.

नोव्हेंबर २०१५ मध्ये, ऐन दिवाळीत, दुसरा भाग आला. आता पोरगी गौरी देशपांडे, पोरगा गौतम प्रधान. एक आडनाव परगण्याच्या दप्तरातलं, दुसरं दरबारातलं. आमच्या वस्तीत गौतम म्हणून हाक मारा, चार जण बाहेर येतील. पण पुढं प्रधान लागलं की प्रेक्षक निर्धास्त. मग काय, खरेदी, नातेवाईक, थाटमाट. अडचण एवढीच की पोरीचं मन डळमळतं नि जुना मित्र परत येतो. बापाची ना नाही, भावकीची काठी नाही, पोलीस ठाण्याची पायरी नाही. ज्या प्रेमाला बाहेरून कुणी अडवतच नाही, त्याची गोष्ट कितीशी पुरणार? उरतो नुसता मांडव.

या दोन भागांच्या मधे, एप्रिल २०१४ मध्ये, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात खर्डा इथं १७ वर्षांचा दलित पोरगा मारला गेला. वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो, एवढाच संशय. २०१७ साली खालच्या कोर्टात आरोपी निर्दोष सुटले. आमच्या मोकळ्या दिवसाचा दुसरा भाग असा असतो! नागराज मंजुळेनं २०१६ साली 'सैराट'मध्ये तो दाखवला, तेव्हा सगळा महाराष्ट्र गाण्यांवर नाचला आणि शेवटाला गप्प बसला.

जातीवर खरा इलाज आंतरजातीय लग्नाचा, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलंय. मराठी पिच्चरवाले मात्र लग्न लावताना आधी पत्रिका तपासतात. २०१८ साली तिसरा भाग आला, त्यात बाळाची चाहूल. वंश चालू, आडनाव चालू.

दोस्तहो, गोड पिच्चर बघा, माझी हरकत नाही. पण थेटरातून बाहेर पडताना शेजारच्याला विचारा, या लग्नपत्रिकेवर माझं आडनाव चाललं असतं का? ते छापायची ज्याची छाती असेल त्यानं चौथा भाग काढावा. तिकीट आम्ही काढू.