डिफ्युजन आधी, इंजेक्शन नंतर

वाघोलीतल्या आमच्या वस्त्यांमधून स्तनातल्या गाठीचे कागद घेऊन कुणी आले, की पहिला प्रश्न पैशांचा असतो आणि दुसरा इंजेक्शनचा. ‘एमआरआयला शिरेतून औषध सोडणार म्हणतात, घेऊ का?’ आम्ही डॉक्टर नाही. पण डॉक्टरांना काय विचारावे, एवढे तरी आपल्या माता-भगिनींना ठाऊक हवे.

ते औषध म्हणजे गॅडोलिनियम या धातूचे संयुग. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या, गळक्या रक्तवाहिन्या तयार करते. औषध तिथे चटकन झिरपते आणि गाठ उजळून दिसते. त्याच तपासणीत डिफ्युजन नावाचा एक भाग असतो, त्याला औषध लागत नाही. तो शरीरातल्या पाण्याच्या कणांची हालचाल मोजतो. नळावरच्या गर्दीत हंडा घेऊन पुढे सरकता येत नाही, तसे दाटीवाटीच्या पेशींत पाणी अडते. म्हणून हालचालीचा आकडा, ज्याला एडीसी म्हणतात, कर्करोगात बहुधा कमी येतो.

गोम इथे आहे. गॅडोलिनियम आसपासच्या पाण्याचे चुंबकीय वागणे बदलते. इंजेक्शननंतर डिफ्युजन केले तर एडीसी थोडा खाली येऊ शकतो. काही अभ्यासांत तसे दिसले, काहींत फरक नगण्य होता. म्हणून डिफ्युजन आधी, इंजेक्शन नंतर, हा क्रम बरा. उलटे झाले म्हणून तपासणी वाया गेली असे नाही. तेवढ्यासाठी कर्ज काढून पुन्हा एमआरआय करायला धावू नका, आधी डॉक्टरांना विचारा. क्रमाला खरे महत्त्व येते ते केमोथेरपी चालू असताना. औषध लागू पडले की पेशी मरतात, जागा मोकळी होते, आकडा वाढतो. पहिला आकडा इंजेक्शनआधीचा आणि दुसरा नंतरचा असेल, तर तुलना फसू शकते. जुनी सीडी जपा, नुसता कागद नव्हे.

किडनीचा आजार, मधुमेह, गरोदरपण किंवा आधीची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. किडनी फारच निकामी असलेल्यांमध्ये काही गॅडोलिनियम औषधांमुळे कातडी कडक होण्याचा गंभीर आजार 2006 पासून जगाला माहीत झाला. क्रिएटिनिन तपासून घेणे त्यामुळेच. मात्र भीतीपोटी इंजेक्शन नाकारणे आम्हाला पटत नाही. नुसते डिफ्युजन त्याची जागा आज घेऊ शकत नाही. आणि गाठ कसली, हे शेवटी बायोप्सीच ठरवते.

खरे तर एमआरआय ही पहिली पायरीच नव्हे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने 1998 पासून तिथल्या झोपडपट्ट्यांतल्या 35 ते 64 वयाच्या 1,51,538 महिलांचा अभ्यास केला. निम्म्या महिलांची प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत. अशा चार फेऱ्या झाल्या. 2021 मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशी ओलांडलेल्यांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी. ना यंत्र, ना इंजेक्शन. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र तसा फायदा दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

त्याच 2021 मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली. खाणीवर, बांधकामावर, सोसायट्यांतल्या धुण्याभांड्यावर जाणाऱ्या बाईचा दिवसाचा खाडा दवाखान्याच्या रांगेत जातो. म्हणून महापालिकेने अशी शिकलेली कार्यकर्ती वस्तीत पाठवावी, तीही संध्याकाळी, कामावरून बाया परतल्यावर. विहाराची खोली आम्ही उघडून देऊ.