कपात लिटरांची व्हावी, दिवसांची नव्हे

खासबाग परिसरात बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसायास प्रारंभ केला, तेव्हा जुलाबाने आजारी असलेल्या बाळाच्या आईला मी ठरावीक प्रश्न विचारीत असे. जुलाब किती वेळा झाले, उलट्या आहेत का, शेवटची लघवी केव्हा झाली, बाळ अंगावर पिते का. पुढे अनुभवाने त्यात एका प्रश्नाची भर पडली. तो मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवला नव्हता : "तुमच्याकडे नळाला पाणी कधी आलं होतं?"

उत्तरे बहुधा दोनच प्रकारची मिळतात. एक, "कालच आलं, डॉक्टर." दुसरे, "आज सहावा दिवस, अजून पत्ता नाही." पहिल्या उत्तरानंतर मला नळातून प्रथम आलेल्या गढूळ पाण्याचा संशय येतो, दुसऱ्यानंतर पिंपाच्या तळाशी उरलेल्या पाण्याचा. हा केवळ दवाखान्यातील अनुभव आहे, याची मला जाणीव आहे. परंतु या अनुभवानेच मला पाणीकपातीच्या आपल्या प्रचलित पद्धतीविषयी विचार करावयास भाग पाडले.

बेळगाव शहराची तहान मुख्यत्वे मार्कंडेय नदीवरील राकसकोप आणि घटप्रभेवरील हिडकल या दोन जलाशयांवर भागते. दोन्ही पावसाचे आश्रित. २०२३ च्या जूनमध्ये मृगाने पाठ फिरवली आणि राकसकोपची पातळी चिंताजनक खालावली. त्या वर्षी कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त घोषित झाले. अशा प्रसंगी कपात करावीच लागते, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो कपात कशाची करावी हा. आपल्याकडे टंचाईवरचा पहिला उपाय ठरलेला असतो : दोन पाळ्यांमधील दिवस वाढवणे. तीन दिवसांआड येणारे पाणी पाच दिवसांनी, पाच दिवसांचे आठ दिवसांनी. वरवर पाहता हा नियम सर्वांस समान भासतो. प्रत्यक्षात तो तसा नाही.

थोडे गणित करून पाहू. विणकरी वस्तीतील दोन खोल्यांचे घर, माणसे पाच. साठवणीस एक दोनशे लिटरचे पिंप आणि घागरी, बादल्या, कळश्या मिळून आणखी शंभर लिटर. पाणी पाच दिवसांनी आले, तर या घरास दर माणशी दररोज बारा लिटर मिळतात. आपत्तिग्रस्तांच्या छावण्यांसाठी आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य असलेल्या 'स्फिअर' मानकांत हे किमान प्रमाण पंधरा लिटर आहे. म्हणजे नळजोडणी असलेले, पाणीपट्टी भरणारे कुटुंब निर्वासितांच्या छावणीहूनही खालच्या पायरीवर राहते. त्याच रस्त्यावरील बंगल्यात दहा हजार लिटरची भूमिगत टाकी असते. तीत पाचव्या दिवशी मोटार लावून पाणी भरले जाते आणि तेथे कपातीची चाहूलही लागत नाही. या पद्धतीत कोणास किती पाणी मिळावे हे जलाशयाची पातळी ठरवीत नाही. घरातील भांड्याचा आकार ठरवतो. तेच तीनशे लिटर पाणी दर दोन दिवसांनी मिळाले, तर प्रत्येकाच्या वाट्यास रोज तीस लिटर येतात. बाळाचे लंगोट धुणे, शौचानंतर साबणाने हात धुणे, स्वयंपाकापूर्वी भाजी धुणे हे सारे या बारा आणि तीस लिटरांमधील फरकात सामावलेले आहे.

शिवाय दिवस वाढवल्याने पाणी वाचते, हे गृहीतही तपासून पाहण्याजोगे आहे. नळास ताजे पाणी आले की 'शिळे' पाणी ओतून देण्याची आपल्याकडील प्रथा सर्वांच्या परिचयाची आहे. पुन्हा केव्हा येईल याची शाश्वती नसल्याने माणूस गरजेपेक्षा अधिक भरतो आणि उरलेले मोरीत सोडतो. यास गृहिणींचा दोष मानता येणार नाही. अनिश्चितता हीच उधळपट्टीची जननी आहे.

आता वैद्यकीय बाजू. जलवाहिनीत दाब असतो तोवर गळतीच्या छिद्रातून पाणी बाहेर पडते. पुरवठा थांबून वाहिनी रिकामी झाली की त्याच छिद्रातून शेजारच्या गटारीचे पाणी आत शिरू शकते. आपल्या जुन्या पेठांत जलवाहिनी आणि गटार जणू सख्ख्या शेजारणी आहेत. पुढची पाळी सुरू होताच हे सारे पहिल्या काही मिनिटांत घराघरांत पोहोचते. याचा पुरावा आपल्या शेजारीच उपलब्ध आहे. हुबळी-धारवाडमध्ये खंडित आणि अखंड पुरवठ्याच्या प्रभागांची तुलना करणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. खंडित पुरवठ्याच्या नळांतील सुमारे ३२ टक्के नमुन्यांत ई. कोलाय जंतू आढळले. अखंड पुरवठ्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. त्याच शहरातील दुसऱ्या अभ्यासाने, जो २०१५ साली प्रसिद्ध झाला, थेट कुटुंबांतील आजारांची पाहणी केली. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, लहान मुलांतील एकूण जुलाबांत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र अल्प उत्पन्न गटातील पाच वर्षांखालील मुलांत रक्तमिश्रित जुलाबांचे प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी आढळले, आणि विषमज्वराचा रुग्ण असलेल्या घरांची संख्या ४२ टक्क्यांनी कमी होती. अर्थात नळ कोरडा पडण्याची सर्वाधिक किंमत गरिबाचे मूल मोजते.

साठवणीचा धोका वेगळाच. डेंग्यूच्या एडिस डासास अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. पाणी आठ दिवसांनी आले आणि पिंप तळापासून घासले गेले नाही, तर ही मुदत आपणच त्यास बहाल करतो. दूषित पाणी काय करू शकते, हे २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीतील काविळीच्या साथीने सीमाभागास दाखवून दिले आहे. तेही आपल्या वडगाव-खासबागसारखेच मागांचे गाव. त्या ई प्रकारच्या काविळीत गर्भवती स्त्रियांच्या जिवास विशेष धोका असतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको.

इतरत्र काय घडले? २०१६ साली लातूरमध्ये पाणवठ्यांवर जमावबंदी लागू करावी लागली आणि त्या एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. निर्णय लांबणीवर टाकला की कोठवर मजल जाते, याचे ते उदाहरण. बंगळूर येथे मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने वाहने धुणे, बागेस पाणी घालणे, बांधकाम करणे यांस बंदी घालून पाच हजार रुपये दंड ठेवण्यात आला. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनने २०१८ च्या फेब्रुवारीपासून दर माणशी दररोज पन्नास लिटरची मर्यादा घातली. वाहिन्यांतील दाब कमी केला, अधिक वापरावर चढे दर लावले आणि संकट टळले. तेथे कपात लिटरांची झाली. नळ मात्र कोरडे पडू दिले नाहीत.

यावर आक्षेप घेतला जाईल, की आपल्याकडे सर्वत्र मीटर नाहीत, उंचवट्यावरील भागात दाब पोहोचत नाही, सारे शहर एकाच वेळी भिजवता येत नाही. हे आक्षेप खरे आहेत आणि पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांच्या अडचणी मी कमी लेखत नाही. पण आपल्याच शहरातील दहा प्रभागांत २००८ सालापासून मीटरसह चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला. आता तो सर्व शहरासाठी विस्तारला जात आहे. तोवर एवढे तरी करता येईल : टंचाईत प्रथम बागा, वाहने, जलतरण तलाव आणि बांधकामे यांवर बंदी यावी. नंतर प्रत्येक पाळीचा कालावधी कमी व्हावा. दोन पाळ्यांमधील अंतर वाढवणे हा अखेरचा उपाय असावा. आणि पाळीचा दिवस व वेळ आधी जाहीर होऊन ती पाळली जावी.

वापरावयाच्या पाण्यासाठी विहिरी आहेतच. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर आजही त्या पिढीच्या दूरदृष्टीची साक्ष देते. १९९० च्या दशकातील टंचाईत शहरातील जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या गेल्या. टंचाई सरली की त्यांत पुन्हा निर्माल्य आणि कचरा पडू लागतो. संकट आठवणीत ठेवण्याची आपली मुदत एका पावसाळ्याची!

शासनास उपदेश करून मोकळे होणे सोपे आहे. म्हणून अखेरीस आपल्या व्यवसायबंधूंशी दोन शब्द. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आणि रुग्णालयी मोठ्या टाक्या आहेत. कपातीची झळ आपणांस लागत नाही, म्हणूनच तिच्याविषयी बोलण्याचे दायित्व आपल्यावर अधिक आहे. जुलाब, कावीळ व विषमज्वराच्या प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत वस्ती आणि पाण्याचा शेवटचा दिवस लिहावा. एकाच गल्लीतील तीन रुग्ण आले, तर चौथ्याची वाट न पाहता आरोग्य विभागास कळवावे. नळाच्या पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावयास हवे. त्याची परीक्षा पाच मिनिटांत होते आणि तिचे साहित्य आपल्या संघटनेस सहज परवडेल. दर उन्हाळ्यात आपण ठिकठिकाणच्या नळांची अशी तपासणी करून निष्कर्ष महापालिकेस का देऊ नयेत?

आणि मातांना सांगावयाचे ते थोडक्यात सांगावे : नळाचे पहिले पाणी पिण्यास भरू नका, ते शौचालयासाठी वेगळे ठेवा. पिण्याचे पाणी उकळा, झाका आणि ओगराळ्याने काढा. पिंप आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा. सहा महिन्यांच्या आतील बाळास आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही नको. कितीही कडक उन्हाळा असो.

पुढील दुष्काळ केव्हा येईल हे आपल्या हाती नाही. तो आला असता बाळाच्या आईला "पाणी कधी आलं होतं?" हा प्रश्न विचारण्याची वेळ माझ्या जागी बसणाऱ्या तरुण डॉक्टरवर येऊ नये, एवढे मात्र निश्चित आपल्या हाती आहे.