लोकल सुरू, पण कोणाच्या वेळेला?

‘लोकल सुरू झाली, आता रडगाणे थांबवा’ अशा आशयाचे पत्र वाचले. पत्रलेखक बहुधा कार्यालयाच्या शेजारीच राहत असावेत! करोनाच्या टाळेबंदीनंतर १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्यांना मुंबईच्या लोकलने प्रवासाची मुभा मिळाली ती पहाटेच्या पहिल्या गाडीपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. दहाची ड्युटी असलेल्या बदलापूरकराने सातच्या आत गाडी पकडून मुंबईत बसायचे कुठे? सहाला सुटल्यावर नऊपर्यंत करायचे काय? मग एसटीच्या रांगा किंवा शेअर टॅक्सी, आणि त्यात पगाराला लागणारी कात्री. टाळेबंदीत आधीच निम्म्या पगारावर आलेल्यांना हे परवडत नव्हते.

गर्दी नको, हे मान्यच होते. मास्कबद्दलही वाद नव्हता. पण गर्दीचे मूळ कार्यालयांच्या एकाच वेळेत होते आणि त्या वेळा बदलण्याची नुसतीच चर्चा चालत होती. त्यात करोनाची रुग्णसंख्या पुन्हा वाढू लागली होती. पुढच्या महिन्याचा पास काढावा की नाही, हेही कोणी सांगत नव्हते. राज्य सरकार व रेल्वेने कार्यालयांच्या वेळा विभागून द्यायला हव्या होत्या आणि निर्बंध बदलायचे असल्यास आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी कळवायला हवे होते.

– एक नोकरदार प्रवासी, बदलापूर