बाळ घरी नेण्याआधीची दोन मिनिटं

आमच्या कळमेश्वरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज येतो. 'बच्चे के दिल में सुराख है', आणि खाली क्यूआर कोड. लोक पैसे देतात, रमजानमध्ये तर भरभरून. मीही देतो. पण गेल्या वर्षी मामेबहिणीच्या बाळाच्या वेळी कळलं, की काही बाळांच्या बाबतीत पैसे जमेपर्यंत वेळच उरत नाही.

बाळ जन्मलं तेव्हा ठणठणीत होतं. कानात अजान दिली, तिसऱ्या दिवशी घरी आणलं. पाचव्या दिवशी ते दूध ओढेना, ओठ काळसर पडले. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं थंडी बाधली. नागपूर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर, पण निघेपर्यंत अर्धा दिवस गेला.

असं का होतं, ते नंतर समजलं. पोटातल्या बाळाची फुप्फुसं श्वासाचं काम करत नसतात, म्हणून हृदयाजवळ एक जोडनळी उघडी असते. जन्मानंतर काही दिवसांत ती मिटते. काही बाळांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. शुद्ध रक्त परत फुप्फुसाकडे जातं, अशुद्ध रक्त परत शरीरात. माझ्या धंद्याच्या भाषेत, एकमेकांशी न बोलणारी दोन लूप. जोडनळी उघडी असते तोवर बाळ तग धरतं. या वाहिन्या योग्य जागी बसवण्याची शस्त्रक्रिया ब्राझीलच्या आदिब जातेने यांनी १९७५ मध्ये यशस्वी केली. आज ती भारतातही होते. पण ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हावी लागते, नंतर हृदयाचा डावा कप्पा कमकुवत होत जातो. तोवर प्रोस्टाग्लँडिन हे औषध देऊन नळी उघडी ठेवता येते. म्हणजे इलाज आहे, निदान उशिरा होतं.

आणि निदानाची सुरुवात किती साधी! जन्मानंतर २४ तासांनी, घरी सोडण्याआधी, बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावायचा. आकडा ९५ किंवा जास्त आणि दोन्हींतला फरक ३ पर्यंत असेल तर ठीक. नाहीतर पुन्हा तपासणी, ९० च्या खाली असेल तर लगेच डॉक्टर आणि इको. कोविडमध्ये घेतलेला घरचा चिमटा इथे चालत नाही, नवजात बाळाचा वेगळा प्रोब लागतो. सगळे दोष यात सापडत नाहीत, पण सावळ्या बाळाचा निळेपणा डोळ्यांना दिसण्याआधी यंत्राला दिसतो.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. चुलत-मामे भावंडांच्या लग्नात हा धोका काहीसा वाढतो. (मामाची मुलगी करणं फक्त आपल्यातच आहे असं नाही.) असं नातं असेल तर लाजू नका, गरोदरपणातच डॉक्टरांना सांगा, बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी मागा. बाकी बहुतेक बाळांत ठोस कारण सापडतच नाही. तरीही बहिणीला आजतागायत 'तूने क्या खाया था' ऐकावं लागतं.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहेत. आशाताईंना विचारा.

आमचं बाळ वाचलं, आता रांगतं. गावातल्या प्रसूतिगृहांना नवजात बाळांचे प्रोब घेऊन द्यावेत, असं मी ग्रुपवर सुचवलंय. जकातीतून नको, त्यावर वाद होईल, सदक्यातून. आतापर्यंत दोन अंगठे आलेत.