कमरेखाली बधिर, डोक्याने जागे



गुडघा बदलण्याचे ऑपरेशन ठरले की घरच्यांचा पहिला प्रश्न पैशाचा असतो आणि पेशंटचा पहिला प्रश्न भीतीचा. "म्हणजे मला जागी ठेवून हाड कापणार?" आमचा उजवा गुडघा बदलल्यापासून बोळिंजमधील कितीतरी मावश्या आणि काका हा प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात. त्यांना जे तोंडी सांगतो, तेच आज या सदरात लिहीत आहोत.

गुडघे झिजण्याला वय, वजन, जुनी इजा अशी अनेक कारणे आहेत. पण कष्ट हेही एक मोठे कारण आहे. आमच्या पिढीने डोक्यावर विटा वाहिल्या, परक्यांच्या फरशा गुडघे टेकून पुसल्या, विरारची गाडी पकडण्यासाठी रोज स्टेशनचे जिने धावत चढले. आज विहारात सतरंजीवर बसणारे कमी झाले आणि मागच्या भिंतीला खुर्च्या वाढल्या, त्यामागे हाच हिशोब आहे. खुद्द बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने फार छळले. दुखणे ही लाजेची गोष्ट नाही, आणि नवसाची तर मुळीच नाही.

कमरेतून भूल देण्याची ही पद्धत नवी नव्हे. जर्मनीतील कील येथे डॉ. ऑगस्ट बिअर यांनी १६ ऑगस्ट १८९८ रोजी ती प्रथम वापरली. त्यांचा पहिला पेशंट कोणी राजा-महाराजा नव्हता, तर घोट्याला क्षयाची बाधा झालेला ३४ वर्षांचा एक मजूर होता. पुढे काही दिवसांतच बिअर आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी एकमेकांच्या पाठीत सुई टोचून घेतली. बिअर यांच्या वेळी पिचकारी नीट बसली नाही आणि पाठीतले पाणी वाहून गेले. हिल्डेब्रांट यांचे पाय मात्र बधिर झाले. मग त्यांच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारून पाहिली, पेटती सिगार टेकवून पाहिली. त्यांना वेदना झाली नाही. नंतर दोघांनाही डोकेदुखीने छळले, आणि तेही त्यांनी लिहून ठेवले. भगवंताचा धम्म आम्हाला 'एहिपस्सिको' म्हणजे या आणि पाहा असे सांगतो. ऐकीव गोष्टीवर न विसंबता स्वतः तपासून पाहणारी ही माणसे आम्हाला म्हणूनच जवळची वाटतात.

आता प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. पेशंटला पाठ वाकवून बसवतात किंवा कुशीवर वळवतात. पाठीचा मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खालच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून थोडेसे औषध सोडतात. पाय गरम वाटू लागतात, मग जड होतात आणि काही मिनिटांत हलेनासे होतात. भूल चढली की नाही हे गार बोळा लावून तपासल्याशिवाय चाकू लागत नाही. छातीपुढे पडदा असतो, त्यामुळे दिसत काही नाही. ऐकू मात्र येते. करवतीचा आवाज येतो, हातोडीचे ठोके येतात. कोणीतरी आपला पाय ओढतो आहे, दाबतो आहे, हे कळते, पण दुखत नाही. पाय टेबलावर सरळ असताना तो दुमडलेलाच आहे, असाही भास काहींना होतो. हाडावर सांधा चिकटवणाऱ्या सिमेंटचा उग्र वास येतो. थंडी भरते, मळमळते, रक्तदाब खाली येतो. त्यासाठी भूल देणारे डॉक्टर सतत उशाशी असतात. आवाज नकोसा वाटला तर शिरेतून गुंगीचे औषध देतात. ते मागायला संकोच करू नये.

भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण शरीराला लागतो. त्या दुःखाने माणूस तळमळतो, तो मनाला लागलेला दुसरा बाण. ऑपरेशनच्या टेबलावर याचा अर्थ आम्हाला नव्याने कळला. सुईने पहिला बाण काढून घेतला होता. दुसरा आमच्याच ताब्यात होता. सोपाऱ्याच्या स्तूपाशेजारी राहून आनापानसतीवर प्रवचने आम्ही पुष्कळ ऐकली होती. त्या दिवशी हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला एक श्वास, एवढेच केले. भीती गेली नाही, पण तिला आवरता आले.

जागे असण्याचा आणखी एक अनुभव सांगितलाच पाहिजे. पडद्यापलीकडे गप्पा चालू होत्या. त्यात कोणीतरी एका शिकाऊ डॉक्टरविषयी म्हणाले, "कोट्यातून आलाय, त्याच्या हातात काय देणार?" दोन-तीन जण हसले. आमचा गुडघा उघडा होता, कमरेखालचे शरीर आमचे राहिले नव्हते. क्षणभर वाटले, गप्प राहावे, आपला पाय यांच्या हातात आहे. तरीही आम्ही म्हणालो, "डॉक्टरसाहेब, आम्ही जागे आहोत. आमची मुलगीही त्याच वाटेने शिकते आहे." पलीकडे सगळे शांत झाले. थोड्या वेळाने मुख्य डॉक्टर म्हणाले, "माफ करा." पुढचे काम त्यांनी मन लावून, सुरेख केले, हेही सांगणे न्यायाचे आहे. पूर्ण भूल दिली असती तर ते वाक्य आमच्या अंगावरून निघून गेले असते, आणि त्या मुलाच्या बाजूने तिथे बोलणारे कोणी नसते.

काही गैरसमज दूर केले पाहिजेत. कमरेत सुई घेतली की जन्मभर कंबर दुखते, असे बाळंतपणात सीझर झालेल्या भगिनी सांगतात. सुईच्या जागी काही दिवस दुखू शकते, पण कायमच्या कंबरदुखीचा असा संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. काहींना नंतर डोकेदुखी होते, लघवी अडते. अशा वेळी लगेच सांगावे, उपचार असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, रक्तस्रावाचा त्रास असेल, पाठीवर गळू असेल तर ते आधीच सांगावे. ही भूल सर्वांना चालतेच असे नाही. संमतीच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी घरातल्या शिकलेल्या मुलाकडून तो मराठीत समजून घ्यावा.

पैशाचेही बोलू. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान वाजपेयी यांचा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, तेव्हा हे श्रीमंतांचे ऑपरेशन वाटत होते. १६ ऑगस्ट २०१७ रोजी सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची सरासरी किंमत १,५८,३२४ रुपये होती, ती कर सोडून ५४,७२० रुपयांवर आली. म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात बसते, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

भूल उतरते तेव्हा आधी पायाची बोटे जागी होतात की मांडी, याची चिंता करू नका. दुखू लागेल, गोळी मागा. वॉकर धरून उठवतील तेव्हा उठा, आणि गुडघा वाकवण्याचा व्यायाम रडत का होईना, पण रोज करा. वंदना खुर्चीत बसून घेतली तरी चालते. आणि आईने ऑपरेशनला नाही म्हटले तर तिच्यावर रागावू नका. तिची भीती नीट ऐका, जे होणार ते तिला खरे सांगा, आणि निर्णय तिलाच घेऊ द्या.

जयभीम!